यात मानूस हाय

कपड्याचा वास घेण्याच्या तीन जागा असतात: काखेची शिवण, गळपट्टीची आतली बाजू, आणि पाठीचा तो भाग जो खुर्चीला टेकतो. हे मला कुठल्या अभ्यासक्रमात शिकवलं नव्हतं. राहनाळच्या एका गोदामात, पत्र्याच्या छताखाली, एका बाईने शिकवलं. तिला सगळे वयनी म्हणत.

आमच्या विभागाचं नाव 'रिटर्न'. लोकांनी फोनवर बघून मागवलेले आणि मनास न आल्यामुळे परत धाडलेले कपडे आमच्याकडे येत. त्यातले काही खरोखरच न घातलेले असत. काही मात्र एका लग्नापुरते, एका मुलाखतीपुरते, एका फोटोपुरते अंगावर चढवून, घडी मोडू न देता, टॅग पुन्हा तसाच अडकवून परत केलेले असत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत. फरक कळायचा तो नाकाला. पाकीट मी उघडायचे, कोड स्कॅन करायचे आणि कपडा टेबलावरून वयनींकडे सरकवायचे. त्या तो दोन्ही हातांनी उचलत, तीन जागी नाक नेत, आणि दोनपैकी एक निकाल देत. कोरा असेल तर म्हणत, "नवा." घातलेला असेल तर म्हणत, "यात मानूस हाय."

मग मी संगणकात शेरा टंकायचे: 'वापरलेला'. एम.ए.ला मी कविता शिकले होते. एकेका विशेषणावर तासभर वाद घालणाऱ्या वर्गात दोन वर्षं बसले होते. आणि इथे माझ्या वाट्याला हा एकच शब्द आला होता. पहिले काही दिवस मला त्याचं हसू यायचं. पुढे मीही वास घ्यायला लागले, आणि ते हसू थांबलं.

शिकवण्याची वयनींची रीत सरळ होती. दहा-बारा कपडे झाले की नाक बधिर होतं, सगळे वास एकमेकांत कालवले जातात. तेव्हा त्या थांबत, बाही वर सारत, आणि स्वतःच्या कोपराच्या आतल्या खळगीत नाक खुपसून डोळे मिटत.

"हे काय करता, वयनी?"

"घरी जाऊन येते."

"म्हणजे?"

"आपला वास आपल्याला येत न्हाय गो. तिकडं काय नसतं. तिकडं जायचं, दोन घटका बसायचं, परत यायचं. मंग लोकांचा वास कळतो. तू पन कर गो."

मी केलं. कोपराच्या खळगीत खरंच काही नव्हतं. एखाद्या झाकल्या खोलीत शिरावं आणि बाहेरचा कलकलाट एकदम ओसरावा, तसं वाटलं. त्यानंतर दिवसातून कितीदा तरी आम्ही दोघी एका टेबलाच्या दोन बाजूंना कोपरात नाक घालून बसलेल्या असायचो, आणि ट्रॉली ढकलत जाणाऱ्या पोरी आम्हाला बघून खिदळायच्या.

वयनी त्याच गावच्या. माहेर राहनाळ, सासरही राहनाळ. हे गोदाम ज्या जमिनीवर उभं होतं ती एके काळी त्यांच्या बापाची भातशेती होती. भावांनी सही केली, त्यांनीही केली, आणि शेतावर भराव पडला. हे त्या हवामान सांगावं तशा स्वरात सांगत. त्यांची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली होती. तिथून गोदामाची शेवटची गल्ली सरळ दिसायची. तिथे छतापर्यंत गोधड्या आणि रजयांचे खोके रचलेले असत. वयनींच्या म्हणण्याप्रमाणे शेताचा सखल कोपरा नेमका तिथे होता, जिथे पाणी सगळ्यात शेवटी आटायचं.

"आश्विनान तिकडून वास येतो," त्या म्हणत. "लोंबी भरतानाचा. कच्च्या दुधासारका."

"सिमेंटमधून?"

"सिमीट कवाचा हाय? भात त्याच्या आधीचा हाय."

आमचे सुपरवायझर निजामपुऱ्यातले. त्यांना सगळे भाई म्हणत. गप्प बसले की त्यांची बोटं टेबलावर आपोआप ताल धरायची, खट-खटाक, खट-खटाक. आजोबांच्या काळापासून घरात कापड विणायचे लूम होते, ते अलीकडेच भंगारात गेले होते. ते वयनींची थट्टा करायची एकही संधी सोडत नसत.

"वयनी, ये तुमचंच शेत ना? मग तुम्ही मालकीण. मालकीण लोक मजुरांना चाय पिलाते है."

"मालकीन हाय म्हनून तर तुला आत येऊ दिला. न्हायतर या अत्तरासकट बांधावरूनच हाकलला असता."

"सुना मॅडम? मुझे बांध से हाकलेगी!"

असे आमचे दिवस चालले होते. दुपारी उन्हाने पत्रे फुगत आणि छतात कुठेतरी टण्ण आवाज होई. बाहेर कंटेनर मागे घेताना तो एकसुरी पीं-पीं आवाज चालू असे. पुठ्ठा, डिंक आणि गरम रबर यांचा वास सगळ्यांच्या अंगात मुरला होता. वयनींच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी असायची. डब्याचं झाकण निघालं की शेजारच्या टेबलावरची एकजण नाक मुरडून उठून जायची, आणि थोड्या वेळाने तीच अर्धी भाकरी मागायला परत यायची.

गणपतीनंतर वयनींना ताप आला. आठवडाभर त्यांची खुर्ची रिकामी होती. परतल्या तेव्हा जरा वाळलेल्या दिसत होत्या, पण बाकी तशाच. बसल्या, बाही सारली, कामाला लागल्या. "नवा. नवा. यात मानूस हाय. नवा." आवाजात काही फरक नव्हता.

मला खटकलं ते कोपर. त्या कोपरात नाक घालून पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ बसू लागल्या होत्या. डोळे मिटलेले, कपाळावर आठी. घरी जाऊन आलेल्या माणसाचा चेहरा तो नव्हता. बंद दाराची कडी पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या माणसाचा होता.

मग एक दिवस एक जरीची साडी आली. पाकीट फोडताच अत्तराचा असा लोट उठला की मला शिंक आली. वयनींनी ती साडी उचलली, पदराकडून, निऱ्यांकडून, ब्लाउजपीसकडून वास घेतला, आणि म्हणाल्या, "नवा."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. साडी आमच्या दोघींच्या मध्ये पडली होती.

"वयनी, यात अत्तर आहे," मी हळूच म्हणाले.

त्यांनी साडी बाजूला सारली. मग डब्याच्या पिशवीवर हात ठेवून म्हणाल्या, "काल सुकट करपली. धूर झाला तेव्हा सून धावत आली. मना ठाऊकच न्हाय. नाक गेला गो."

डॉक्टर म्हणाला होता, येईल परत, कुणाचं महिन्यात येतं, कुणाचं वर्षात. पण एवढा वेळ त्या खुर्चीकडे नव्हता. वास घेणाऱ्या बाईला वास येत नसेल तर तिची जागा गल्ल्यांमध्ये असे, माल गोळा करण्याच्या कामावर. ट्रॉली ढकलत, शिफ्टभर सिमेंटवरून चालत. वयनींचे गुडघे जिन्याच्या चार पायऱ्यांनाही तक्रार करत. ते काम त्यांच्याने झालं नसतं, त्यांना नोकरी सोडावी लागली असती. आणि नोकरी सुटली की गोदामाच्या फाटकातून आत येण्याचं काही कारण उरलं नसतं. बापाच्या शेतात त्यांना सोडणारं एकच कार्ड होतं, ते गळ्यात अडकवलेलं.

"कोनला सांगू नको," त्या म्हणाल्या. आणि लगेच, जणू हेच जास्त महत्त्वाचं, "आश्विन लागला बघ. मना काय येत न्हाय."

तेव्हापासून मी दोघींसाठी वास घेऊ लागले. पाकीट माझ्याच हातून उघडत होतं, त्यामुळे ते अवघड नव्हतं. कपडा बाहेर काढताना मी त्यात नाक घालायचे, आणि कोरा असेल तर गळपट्टी माझ्याकडे ठेवून सरकवायचे, घातलेला असेल तर गळपट्टी वयनींकडे करून. त्या तो उचलत, पूर्वीसारख्याच तीन जागी नाक नेत, एक श्वास थांबत, आणि निकाल देत. कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं.

पण माझं काहीतरी बदललं. आधी निकाल वयनींचा असायचा. माणूस त्या उचलून घेत, आणि माझ्यापर्यंत यायचा तो केवळ एक शब्द. आता माणसं माझ्या नाकातून जाऊ लागली. लहान मुलीच्या फ्रॉकच्या छातीवर बामाचा वास होता, त्याखाली दुधाचा, आणि त्याही खाली, शिवणीत अडकलेला, रात्रभर जागलेल्या मोठ्या माणसाच्या तळव्याचा. एका शेरवानीत चंदन होतं आणि चंदनाच्या आत आंबट, थंड घाम, जो उन्हाने येत नाही, भीतीने येतो. एक पांढरा कुर्ता आला. त्याला दवाखान्याच्या स्पिरिटचा आणि झेंडूचा वास होता, एकत्र. तो मी पुन्हा नाकाशी नेला नाही. गळपट्टी वयनींकडे केली आणि हात मांडीवर पुसले.

ती माणसं संध्याकाळी माझ्याबरोबर निघत. शेअर रिक्षात मी तिघींच्या मध्ये दाटीने बसलेली असे, अंजूर फाट्याच्या धुळीत सगळी वाहतूक खोळंबलेली असे, आणि माझ्या ओढणीतून बाम दरवळे. घरी येऊन मी केस धुवायचे. साबणाच्या फेसाखालून चंदन वर यायचं. आई पोळ्या लाटताना विचारायची, "कुठे हरवलीस?" मी काय सांगणार? ज्यांचा चेहरा, नाव, गाव काहीच ठाऊक नाही, अशा माणसांनी माझ्या कपाटात गर्दी केली होती. त्यांनी कपडे परत केले होते. स्वतःला मात्र त्यातून काढून न्यायला विसरले होते.

एकदा मी वयनींना विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही हे सगळं घरी नेत होतात?"

"न्हाय. मी शेवटच्या गल्लीन सोडून जायची."

"म्हणजे?"

"सुटीच्या टायमाला तिकडून एक चक्कर. आमच्या बापानं तिकडं लय लोकांना थारा दिलता. वाटसरू, गारीवाले, पावसान अडकलेले. हे पन ऱ्हातील म्हटलं."

मीही तशी चक्कर मारून बघितली. रजयांच्या खोक्यांमध्ये कापसाची उबट, कोरडी हवा होती. मी उभी राहिले. माझ्याबरोबरचं कुणीच तिथे उतरलं नाही.

ताप उतरल्यावरच्या त्या पहिल्या आठवड्यात, मला कळण्याआधी, घातलेले काही कपडे 'नवा' म्हणून पुढे गेले होते. ते पुन्हा विकले गेले, आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी पाकीट फुटल्यावर त्यातून परक्या माणसाचा वास आला. तक्रारी मुख्य कार्यालयात पोचल्या. दसऱ्यानंतर तिथून एक अधिकारी आले. तरुण, नम्र, इस्त्रीचा शर्ट, बोलताना हात पाठीशी. त्यांनी भाईंच्या केबिनमध्ये बसून सांगितलं की वास घेणाऱ्या प्रत्येकीची परीक्षा होईल. जी चुकेल तिला गल्लीवर पाठवलं जाईल.

परीक्षेची पद्धत त्यांनी स्वतः शोधली होती आणि ती निर्दोष असल्याबद्दल त्यांना शंका नव्हती. एकाच गठ्ठ्यातले, एकाच मापाचे सहा निळे कुर्ते. पाच कोरे. सहावा एका कर्मचाऱ्याने दिवसभर अंगात घालायचा. मग सहाही वाफेच्या इस्त्रीने सारखे दाबून पुन्हा पाकिटात बंद करायचे. घातलेला कोणता, ते दाखवायचं.

"मॅडम, आप पहन लो," ते मला म्हणाले. "आप क्लार्क हो, परीक्षा आपकी तो है नहीं."

भाईंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा काचेपलीकडे बसलेल्या वयनींकडे बघितलं, आणि त्यांची बोटं टेबलावर थांबली.

मी आनंदाने तो कुर्ता घेतला. त्या दिवशी अंगावर तो घालून मी काम केलं, घामही आला, डबा खाल्ला, आणि मनातल्या मनात हसत राहिले. अधिकारी महाशय आपल्या हाताने आमची सुटका करत होते. जगातल्या सगळ्या कपड्यांपैकी निदान माझ्या अंगचा कपडा तरी मला ओळखू येणारच होता. वयनींनाही मी डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं की काय, मला अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकारी टेबलाशी उभे राहिले. भाई त्यांच्या मागे. "जैसे रोज करते हो, वैसेही करो," ते म्हणाले.

मी पहिलं पाकीट फोडलं. खळीचा करकरीत वास, प्लास्टिक, नीळ. कोरा. गळपट्टी माझ्याकडे ठेवून सरकवला. वयनी म्हणाल्या, "नवा."

दुसरा. खळ, प्लास्टिक, नीळ. "नवा."

तिसरा तसाच. मग चौथा. त्यातही काही नव्हतं. पाचवा. सहावं पाकीट मी घाईने फोडलं, कारण आता तोच असायला हवा होता. मी त्यात नाक घातलं. खळ, प्लास्टिक, नीळ.

तोवर सरकवलेले पाच कपडे टेबलाच्या पलीकडे रांगेने पडले होते. पाचही गळपट्ट्या माझ्याकडे. कोपराच्या खळगीत काही नसतं, हे मला वयनींनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. सहा कुर्त्यांपैकी एकात मी होते, दिवसभराची, घामासकट, डब्यासकट, आणि मी मला सापडत नव्हते. मीच माझ्या अंगात नव्हते म्हणावं, असं काहीतरी भयंकर त्या क्षणी वाटलं. सहावा कपडाही मी गळपट्टी माझ्याकडे ठेवूनच सरकवला. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"सब नया?" अधिकाऱ्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात समाधान होतं. ते माझ्याकडे बघतही नव्हते.

"जरा थांबा की," वयनी म्हणाल्या. "म्हाताऱ्या नाकाला घाई चालत न्हाय."

त्यांनी हात लांब केला आणि रांगेतला चौथा कुर्ता पुन्हा उचलला. काख. गळपट्टी. पाठ. डोळे मिटले. छतात कुठेतरी पत्रा वाजला.

"यात मानूस हाय," त्या म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी कुर्त्याचा खालचा काठ उलटला. आत खुणेचा पांढरा दोरा होता.

त्यांनी मनापासून शाबासकी दिली, हात जोडले, आणि दुपारच्या जेवणाआधीच ते दुसऱ्या गोदामाकडे, दापोड्याला, निघून गेले. भाई त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. मी खुर्चीवर बसून होते.

"वयनी, नाक आलं?"

"न्हाय."

"मग?"

"तुझा तोंड पायला." त्या चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून होत्या, चहाची चव त्यांना लागत नव्हती, ऊब तेवढी लागत होती. "पाच कपऱ्यांना तुझा नाक दचकला. नव्याचा पन वास असतो गो, खळीचा. चौथ्याला तुझा तोंड असा झाला." त्यांनी स्वतःच्या कोपरावर बोट ठेवलं. "घरी जाऊन आल्यासारका."

मला रडू आलं. त्या हसत होत्या.

खुर्ची वाचली होती. मला वाटलं आता सगळं पूर्ववत चालेल. मी तर म्हटलंसुद्धा, की आता गळपट्टीचीही गरज नाही, तुम्ही नुसतं माझ्याकडे बघत जा. वयनींनी ग्लास खाली ठेवला.

"दुसऱ्याच्या तोंडावर किती दिस बसू?" त्या म्हणाल्या. "आनि तुझा तोंड बघितला ना आज नीट. हल्ली त्याच्यात लय मानसं दिसतात. तू सगली घरी नेतेस. मी न्यायची न्हाय, मी मोकली करायची. तुना ते जमत न्हाय."

त्या उठल्या आणि गुडघ्यावर हात टेकत भाईंच्या केबिनकडे गेल्या. काचेतून मला दोघे दिसत होते. त्या बोलल्या, फार थोडं. भाईंनी मान खाली घातली होती. मी घाबरून दारापर्यंत गेले तेव्हा ते म्हणत होते, "मुझे पता था, वयनी. कब से पता था. तुम्ही माझ्या अत्तरावर टोमणा मारायचं बंद केलं ना, तभी समझ गया."

"मंग बोलला का न्हाय?"

"काय बोलू? मेरे घर में लूम नहीं है, फिर भी सुबह उसी के खटके से आँख खुलती है. जे नाही ते मला ऐकू येतं. जे आहे त्याचा तुम्हाला वास नाही. किसको गल्ली पे भेजूँ?"

वयनी म्हणाल्या, "मना गल्लीवर नको. फाटकावर बसव."

फाटकावर बायकांची झडती घ्यायला एक कोंदट खोली होती. बाहेर पडणारी प्रत्येकजण तिथून जायची. खांदे, कंबर, पिशवी चापपून तिला सोडायचं. ते काम बसून करता येत होतं. भाईंनी दिवाळीच्या आधी त्यांची तिथे सोय लावून दिली, आणि कार्ड गळ्यातच राहिलं.

त्यांच्या खुर्चीवर मी बसले. माझ्या जागेवर नवी मुलगी आली. तिला मी तीन जागा दाखवल्या, कोपर दाखवलं. ती माझ्यापेक्षा हुशार निघाली, पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताई, हे घरी नाही ना येत सोबत?" मी म्हटलं, संध्याकाळी शेवटच्या गल्लीतून एक चक्कर मारून जात जा. ती जाते. तिला जमतं असं दिसतं. मला अजूनही नाही. परवा धुतलेल्या केसांतून झेंडूचा वास आला, आणि मी खिडकीशी जाऊन टॉवेल सुकेपर्यंत उभी राहिले.

वयनींचं नाक परत आलं नाही. वर्ष उलटलं. सुटीच्या वेळी फाटकाच्या खोलीत रांग लागते, आणि माझी पाळी आली की त्या माझे दोन्ही खांदे चापपून दरवेळी तेच म्हणतात, "यात मानूस हाय, सोडा तिला." मागच्या पोरी हसतात.

यंदा आश्विन लागला तेव्हा त्यांनी मला कामाला लावलं. "तू माझ्यासाठी जा," म्हणाल्या. "कोपऱ्यान उभी ऱ्हा. आला तर मना सांग." आत फिरायला फाटकावरच्या माणसांना परवानगी नसते. म्हणून रोज सुटीच्या आधी मी शेवटच्या गल्लीत जाते. रजयांच्या खोक्यांमध्ये, जिथे पाणी सगळ्यात शेवटी आटायचं, तिथे उभी राहते, डोळे मिटते आणि वास घेते. पहिल्या दिवशी पुठ्ठा होता. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा आणि गरम रबर. रोज फाटकावर त्या विचारायच्या, "आला?" आणि मी नाही म्हणून मान हलवायचे.

काल उभी राहिले तेव्हा बाहेरचा कंटेनर थांबला होता. नाकाला पुठ्ठा लागला नाही, रबर लागलं नाही, कापूस लागला नाही. काहीच लागलं नाही. मी तिथे नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिले असणार, कारण नवी मुलगी हाक मारत आली.

फाटकाच्या खोलीत माझी पाळी आली. आज काहीच नव्हतं, असं मी सांगणार होते. वयनींनी माझे खांदे धरले आणि चौथ्या कुर्त्याच्या वेळी बघितलं होतं तसं माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांचे हात तिथेच राहिले. मागची रांग कुरकुरायला लागली.

"बोलू नको," त्या म्हणाल्या. "आला."

मग त्यांनी मला हलकेच बाहेर ढकललं आणि पुढचीला आत घेतलं. रस्त्यावर येऊन मी बाही वर सारली. कोपरात नाक घातलं. गल्लीतल्या त्या कोपऱ्यात आणि इथे, दोन्ही ठिकाणी सारखंच होतं.